स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या जिल्हा संघटनेत जावं का, आणि गेल्यावर काय करावं?

प्रश्न: सांगलीत मी काही वर्षं आर.सी.सी. डिझाइनची स्वतंत्र प्रॅक्टिस करतो आहे. आमच्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरांची संघटना उभी राहते आहे. आतापर्यंतच्या बैठकांत एका सिमेंट कंपनीचं सादरीकरण, जेवण आणि ‘किमान फी ठरवून टाकू’ एवढंच झालं. यात वेळ आणि वर्गणी घालावी का? अशा संघटनेनं खरं तर काय करायचं असतं?

उत्तर:

जरूर जा. पण नुसते सदस्य होऊ नका, एखाद्या समितीत बसा. समितीच नसेल तर ती काढायला लावा. संघटनेचं खरं काम समितीत होतं. व्याख्यान, स्नेहसंमेलन, दिनदर्शिका हे सगळं असावं, पण त्यासाठी संघटना लागत नाही.

एकट्या कन्सल्टंटला जे जमत नाही ते तुम्ही रोजच अनुभवत असाल. बिल्डर विचारतो, ‘शेजारच्या साइटला चौरस फुटाला साडेतीन किलो लोखंड बसलं, तुमचं साडेचार कसं?’ शेजारी खाली पार्किंग मोकळं नाही, तिथे मुरूम वर लागला आहे आणि तुमच्या प्लॉटवर दहा-बारा फूट काळी माती आहे, हे तुम्ही सांगता. त्याला ते पटत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं हे तुमचं एकट्याचं मत असतं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याकडे जातो. तेच मुद्दे जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नास कन्सल्टंटांनी मिळून लिहिलेल्या कागदावर असतील, तर तो जाऊन जाऊन जाणार कुठे? वर्गणी भरायची ती अशा कागदासाठी.

प्रादेशिक संघटना कुठवर मजल मारू शकते, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘आपण जिल्ह्याची माणसं, आपल्याला कोण विचारतो’ हे वाक्य तुमच्याही बैठकीत कुणीतरी म्हणणारच आहे.

१२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री लॉस एंजेलिसच्या उत्तरेचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी तिथे सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९३१ पासून स्वतःला ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर’ म्हणवून घ्यायला राज्याची वेगळी मान्यता लागू लागली. याच सुमारास, १९२९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आणि १९३० मध्ये उत्तरेत, स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या स्थानिक संघटना निघाल्या. १९३२ मध्ये त्यांची राज्यपातळीवरची संघटना झाली: स्ट्रक्चरल इंजिनिअर्स असोसिएशन ऑफ कॅलिफोर्निया. लगेच, १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी, लाँग बीचला भूकंप झाला. विटांच्या शाळाच्या शाळा कोसळल्या. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात तिथल्या विधिमंडळानं फील्ड कायदा केला. सरकारी शाळेचं डिझाइन नोंदणीकृत माणसानं करायचं, राज्याच्या यंत्रणेनं ते तपासायचं आणि बांधकाम चालू असताना साइटवर स्वतंत्र निरीक्षक ठेवायचा, या गोष्टी तेव्हापासून बंधनकारक झाल्या.

पण ज्या कामासाठी या संघटनेचं नाव जगभर झालं ते पुढचं आहे. तिच्या भूकंपविषयक समितीनं १९५९ मध्ये आडव्या बलांसाठीच्या शिफारशींची एक पुस्तिका काढली. ती ‘ब्लू बुक’ म्हणून ओळखली जाते. सांगाडा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर भूकंपाचं बल किती धरायचं हे त्यात ठरवलं होतं. वाकून ऊर्जा जिरवणारी चौकट असेल तर गुणक ०.६७, इमारत सगळी भिंतींवरच उभी असेल तर १.३३. दोनच वर्षांत, १९६१ च्या युनिफॉर्म बिल्डिंग कोड या तिथल्या बांधकाम-नियमावलीत, या शिफारशी आल्या. आज आपण आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकानुसार साध्या चौकटीला ३ आणि विशेष तपशिलाच्या चौकटीला ५ असा प्रतिसाद-गुणक (यानं बलाला भागायचं असतं) घेतो, तो विचार त्याच जातकुळीचा. समितीतली माणसं पगारी नव्हती. दिवसा स्वतःची ऑफिसं चालवायची, संध्याकाळी बसून कलमांवर वाद घालायचे, मसुदा लिहायचा आणि पुढच्या बैठकीत तो खोडायचा, असं ते काम चालायचं. आपल्या गावातल्या मातीचा आणि तिथल्या बांधकामाच्या सवयींचा अनुभव असलेली माणसं एकत्र बसली आणि त्यांनी तो अनुभव कागदावर उतरवला, एवढंच त्यात होतं. ते ‘एवढंच’ फार मोठं ठरलं.

त्याच संघटनेच्या इतिहासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे नॉर्थरिजला भूकंप झाला. पोलादी चौकटींच्या इमारती उभ्या राहिल्या, बाहेरून धडधाकट दिसत होत्या. बीम-कॉलमच्या सांध्यांवरचं अग्निरोधक आवरण काढून पाहिलं तेव्हा वेल्डिंगला तडे सापडले, बऱ्याच ठिकाणी बीमच्या खालच्या फ्लँजपाशी, म्हणजे आडव्या पट्टीपाशी. हा सांधा वर्षानुवर्षं सर्वांत भरवशाचा मानला जात होता, कोडमध्येही होता आणि त्याच संघटनेच्या सदस्यांनी असंख्य इमारतींत वापरला होता. गप्प बसणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. तरी संघटनेनं ॲप्लाइड टेक्नॉलॉजी कौन्सिल ही तांत्रिक संस्था आणि तिथल्या विद्यापीठांच्या गटाला बरोबर घेऊन ‘सॅक’ नावाचा संयुक्त उपक्रम उभा केला. केंद्राच्या आपत्ती यंत्रणेच्या निधीतून पूर्ण आकाराच्या सांध्यांच्या चाचण्या झाल्या, १९९५ मध्ये तात्पुरत्या सूचना निघाल्या आणि २००० मध्ये नवे मार्गदर्शक ग्रंथ आले. वेल्ड धातूचा चिवटपणा, वेल्डला आधार म्हणून लावलेली आणि खाली राहून जाणारी बॅकिंग पट्टी, सांध्याचा आकार असं सगळं बदललं. आपल्याच व्यवसायातल्या मान्य पद्धतीत दोष निघाला, हे उघड सांगण्याचं बळ एकट्या माणसात क्वचित असतं. संघटनेनं ते द्यायचं असतं.

आता तुमच्या ‘किमान फी’कडे येतो. चीड मला समजते. पाच रुपये चौरस फुटाला डिझाइन आणि सुपरव्हिजन दोन्ही मागणारे आहेत आणि हो म्हणणारेही आहेत. पण संघटनेनं दर ठरवणं हा रस्ता चुकीचा आहे, आणि त्यात कायद्याचा धोकाही आहे. अमेरिकेत इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संघटनेनं सदस्यांना फीच्या स्पर्धेत उतरायला बंदी केली होती. सार्वजनिक सुरक्षेसाठी ती गरजेची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा आहे, आणि संघटनेनं मिळून भाव ठरवणं त्याच्या कचाट्यात येऊ शकतं. बैठकीच्या इतिवृत्तात असा ठराव लिहायच्या आधी वकिलाला विचारा.

त्यापेक्षा किमान काम ठरवा. फी ज्यानं त्यानं ठरवावी. पण या गावात स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही म्हणजे किमान काय काय केलेलं असतं, ते संघटनेनं दोन पानांत लिहावं आणि छापावं. फाउंडेशन डिझाइनच्या आधी मातीचा अहवाल, निदान ट्रायल पिट (पाहणीचा खड्डा) तरी. डिझाइनची गृहीतकं एका पानावर: भूकंप झोन, मातीचा वर्ग, प्रतिसाद-गुणक, लाइव्ह लोड, काँक्रीटची प्रत, पुढे मजला चढवायची तरतूद आहे की नाही. ड्रॉइंगवर कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचं अंतर सांध्याजवळ किती आणि मधे किती, आणि रिंगचा हुक १३५ अंशात वळवलेला स्पष्ट काढलेला. फुटिंग, कॉलम आणि प्रत्येक स्लॅब भरण्याआधी सळईची तपासणी आणि तिची लेखी नोंद. हा कागद गिऱ्हाइकाच्या हातात पडला की पाच रुपयेवाल्याला तो आपोआपच प्रश्न विचारतो. यातून फीही सुधारते, आणि तेही कुणावर सक्ती न करता.

हुकचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. भूकंपासाठी सळई कशी बांधायची ते सांगणाऱ्या आयएस १३९२० या मानकात तो १९९३ पासून आहे. तरी आजही आपल्या भागात बहुतेक साइटवर रिंग ९० अंशातच वळवलेली दिसते, कारण फिटरला ते सोपं जातं आणि विचारणारं कोणी नसतं. एकटा कन्सल्टंट ओरडला तर फिटर म्हणतो, ‘बाकी कुणी सांगत नाही साहेब.’ त्याचं खरंच असतं. संघटनेनं बार बेंडरांसाठी एक रविवार सकाळ घ्यावी, खरी सळई आणि पाना घेऊन, मराठी आणि हिंदी दोन्हीतून. माझ्या मते वर्षभरातल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्या सकाळचा उपयोग जास्त होईल. भूकंपात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर, म्हणजे बाहेरचा थर, सुटलं की ९० अंशाची रिंग उघडते आणि कॉलमची उभी सळई बाहेर फुगते. २६ जानेवारी २००१ ला भुजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती बसल्या, त्यांत तळमजला मोकळा आणि कॉलममध्ये रिंगा विरळ, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली.

स्ट्रक्चरल ऑडिट हा तुमच्या संघटनेचा दुसरा मोठा विषय व्हायला हवा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारक आहे. नियम झाला तसा धंदाही झाला. संस्थेला प्रमाणपत्र हवं असतं, अहवाल नको असतो. त्याचा परिणाम काय होतो ते १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ दिसलं. तिथला पादचारी पूल पडला, सात माणसं गेली. त्या पुलाचं ऑडिट आधी झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सोडता पूल ठीक असल्याचं त्यात म्हटलं होतं.

ऑडिटचा अहवाल कसा असावा, हे कुणीतरी स्थानिक पातळीवर लिहून ठेवलं पाहिजे. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) आकड्यांवर दिलेला निष्कर्ष मी मानत नाही. हॅमर वरचा थर वाचतो, आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशननं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, उलट कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फसवा चांगला येतो. त्याच्या जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी, मोजके कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले नमुने), फिनॉल्फ्थॅलिन मारून कार्बोनेशन किती खोल गेलं त्याची तपासणी आणि सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी हवी. आणि चाचण्यांच्याही आधी डोळे हवेत. टॉयलेटच्या डक्टमागचे कॉलम, दुकानांच्या फॉल्स सीलिंगवरचे बीम, गच्चीवरच्या टाकीखालचा भाग, तळमजल्यावर कोणी भिंत काढली आहे का. ही ठिकाणं पाहिली की नाही, त्याचे फोटो अहवालात हवेत. पाहायला दिली नसतील तर ‘पाहता आली नाहीत’ हे वाक्य पहिल्या पानावर हवं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला सिद्धी साई इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या बदलांचीच चर्चा झाली होती. असा नमुना अहवाल संघटनेनं तयार करून गृहनिर्माण संस्थांना फुकट द्यावा. संस्थेचे सेक्रेटरी त्याच्याशी ताडून पाहतील आणि तुमच्यातल्याच कामचुकार माणसाला तो अडचणीचा वाटेल. वाटू द्या.

यापुढची गोष्ट अवघड आहे, पण मला तिच्याबद्दल सर्वांत जास्त तळमळ आहे. आपल्याकडे पडझड झाली की पहिल्या दिवशी बातमी येते, दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल होतो आणि तिसऱ्या दिवसापासून तांत्रिक माहिती कुलूपबंद होते. का पडलं, हे त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या इंजिनिअरला कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘क्रॉस’ नावाची व्यवस्था आहे. इंजिनिअर आपल्याला दिसलेली चूक, अपघात किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग गोपनीयपणे कळवतो. नाव, गाव, कंपनी काढून टाकून जाणकारांचं मंडळ त्यावर टिपण लिहितं आणि ते सगळ्यांना वाचायला मिळतं. जिल्ह्यापुरतं हे करायला फार पैसे लागत नाहीत. सगळ्यांचा विश्वास असलेले दोन-तीन निवृत्त इंजिनिअर लागतात, आणि नावं बाहेर जाणार नाहीत याची हमी लागते.

समजा अशा टिपणात बाल्कनीचा स्लॅब वाकल्याची हकिगत आली. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरचा कँटिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेला) स्लॅब. त्याची मुख्य सळई वर असते, हे विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण काँक्रीट टाकताना माणसं त्याच सळईवरून चालतात, खाली खुर्च्या (सळई उचलून धरणारे आधार) पुरेशा नसतात, आणि सळई चाळीस मिलिमीटर खाली दबते. परिणामकारक खोली, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतचं अंतर, १०० वरून ६० वर आली की ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी गेली. ड्रॉइंग बरोबर, हिशेब बरोबर, काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचे (क्यूबचे) निकालही बरोबर, आणि तरी बाल्कनी धोक्यात. असं एक पानी टिपण तीस ऑफिसांत गेलं की पुढच्या आठवड्यात तीस साइटवर खुर्च्या मोजल्या जातात.

आपत्तीनंतरचं काम तुमच्या भागाला लागू आहेच. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्या शेजारचा. त्यानंतर आयएस १८९३ चा नकाशा १९७० मध्ये बदलावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाआधी तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. त्यामुळे ‘आपल्याकडे काही होत नाही’ हे कुणी म्हणालं तर त्याला या दोन तारखा सांगा. आणि सांगलीत तर २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनी पाहिले आहेत. पाणी ओसरल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘घरात जाऊ का?’ मातीतल्या दगडी भिंतीचे जुने वाडे पाणी चढताना उभे राहतात आणि ओसरताना पडतात, कारण भिंत आतून भिजून मऊ झालेली असते आणि बाहेरच्या पाण्याचा आधार जातो. या प्रश्नाचं उत्तर देणारी प्रशिक्षित माणसं आधीपासून तयार हवीत. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये यासाठी एटीसी-२० ही पद्धत आली: झटपट पाहणी, आणि दारावर हिरवा, पिवळा किंवा लाल कागद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोमा प्रिएटाचा भूकंप झाला आणि ती लगेच वापरात आली. तुम्ही भूकंप आणि पूर दोन्हींसाठी मराठीत एक पानी फॉर्म करा, सदस्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे स्वयंसेवकांची यादी आगाऊ द्या. लेखी अधिकार हातात असल्याशिवाय कुणाच्या दारावर लाल कागद लावू नका, त्यातून भांडणं होतात. हे सगळं एप्रिल-मेमध्ये व्हायला हवं. जुलैत पाणी आल्यावर फॉर्म छापायला वेळ नसतो.

कायद्याच्या बाबतीत आपली बाजू लंगडी आहे, हेही माहीत असू द्या. वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आहे, त्यांची वैधानिक परिषद आहे. इंजिनिअरांसाठी देशात तसा कायदा नाही, लायसन्स महापालिका किंवा नगरपालिका देते. त्यामुळे सही भाड्यानं देणाऱ्याला तुमची संघटना रोखू शकत नाही. सदस्यत्व काढून घेऊ शकते, आणि तेवढं तरी करावं. घटनेत तशी तरतूद पहिल्याच दिवशी घाला, नंतर कुणी घालू देत नाही.

सिमेंट आणि सळई कंपन्यांच्या प्रायोजकत्वाला माझा सरसकट विरोध नाही. हॉलचं भाडं त्यांनी दिलं तर घ्या. विषय आणि वक्ता मात्र तुम्ही ठरवा, आणि कोणत्याही उत्पादनाची शिफारस संघटनेच्या लेटरहेडवर जाऊ देऊ नका. मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सचं सदस्यत्वही घ्या. स्थानिक संघटना तिच्या विरोधात नसते. पण मिरज-शिरोळकडची क्षारपड जमीन आणि कृष्णाकाठची काळी माती यांच्याबद्दल तुमच्याइतकं मुंबईतल्या कुणाला माहीत असणार?

म्हणून माझ्या मते तुमच्या संघटनेचं पहिलं काम माती हेच असावं. प्रत्येक कन्सल्टंटच्या कपाटात मातीचे अहवाल पडून आहेत. एकाच गल्लीत तीन ऑफिसांनी तीन वेळा बोअर घेतलेले असतात आणि चौथा अंदाजानं फुटिंग काढतो. मालकांची संमती घेऊन, नावं काढून, हे अहवाल एकत्र करा: कोणत्या वॉर्डात किती खोलीवर मुरूम, कुठे माती फुगणारी, भूजल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कुठे, सल्फेट-क्लोराइड किती. क्षारपड भागात फुटिंगचं काँक्रीट आणि कव्हर कसं ठेवायचं, यावर दोन पानं लिहा. या नकाशानं प्लॉटवरच्या बोअरची जागा भरून निघणार नाही, हे त्यावरच ठळक छापा, नाहीतर लोक बोअरच बंद करतील.

पुढच्या बैठकीला जाताना तुमच्या ऑफिसातले असे पाच-सहा अहवाल आणि किमान कामाच्या कागदाचा कच्चा मसुदा बरोबर घेऊन जा. सादरीकरण संपलं आणि जेवणाआधी अर्धा तास मिळाला तरी चालेल. तेव्हाच दोन समित्यांची नावं आणि पुढची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.